शेवाळावर उतारा

दाताच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं, तेव्हा मावशी माशांच्या टाकीला नाक लावून, हातात टॉर्च घेऊन उभ्या होत्या.

"काय शोधताय मावशी?"

"मासे," मावशी म्हणाल्या. "सात होते. शुक्रवारी तीन दिसले. आज एकही नाही. पण खायला टाकलं की संपतंय. म्हणजे आत कुणीतरी आहे."

मावशी वीस वर्षं या दवाखान्याच्या काउंटरवर बसत होत्या. पेशंटची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दाढा राहत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की 'ही खालची उजवी अक्कलदाढ' असं मनात म्हणून त्याही हसत आणि पुढे जात.

टाकी वाट बघायच्या खोलीत अगदी मधोमध होती. आलेल्या माणसाचं मन माशांत रमावं आणि आतला ड्रिलचा आवाज त्याला ऐकू येऊ नये, असा तिचा उपयोग होता. पण गेल्या महिन्याभरात तिच्यात इतकं शेवाळ माजलं होतं की लोक टाकीकडे पाठ करून ड्रिलचा आवाज ऐकत बसत. काचेवर शेवाळ, दगडांवर शेवाळ, तळाशी उभ्या असलेल्या प्लास्टिकच्या पाणबुड्यावर शेवाळ. पाणबुड्याकडे बघून त्यानं थंडीसाठी हिरवा स्वेटर घातलाय असं वाटे.

"शनिवारी एका बाईंनी मला विचारलं," मावशींनी टॉर्च बंद करत खबर दिली, "यांना एक काच घासता येत नाही, ते आमचे दात काय घासणार?"

हे मात्र डॉक्टरांच्या वर्मी लागलं. त्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. पाणी बदललं होतं. ब्रशनं काच घासली होती. शेवटी तर दातांवरचं किटण काढायचं हत्यार घेऊन अख्खी टाकी खरवडली होती. दोन दिवसांत शेवाळ परत हजर. "त्यापेक्षा किटण बरं," ते हताशपणे म्हणाले. "ते निदान सहा महिने तरी तोंड दाखवत नाही."

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अरे, ऐक. बाबांचा फोन होता. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता तुझ्या दवाखान्यात येतायत."

"दवाखान्यात? कशाला?"

"सांगत नाहीत. 'काम आहे' म्हणाले. टाकीच बघायला येत असणार. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं दिसतंय."

डॉक्टरांनी टाकीकडे बघितलं. सासरेबुवा जलशुद्धीकरण केंद्राचे निवृत्त प्रमुख. चौतीस वर्षं त्यांनी सगळ्या शहराला पाणी गाळून पाजलं होतं. कुणाकडे गेले की पाण्याचा ग्लास आधी उजेडासमोर धरत, मग नाकाशी नेत, मग यजमानाकडे एकदा बघत, आणि त्यानंतरही तहान शिल्लक असली तर पीत. मुलगी देताना त्यांनी जावयाला शिक्षण विचारलं नव्हतं. गच्चीवरच्या टाकीला घट्ट बसणारं झाकण आहे का, एवढंच विचारलं होतं. अशा माणसासमोर हे हिरवं डबकं ठेवायचं?

"दहा दिवस आहेत," बायको म्हणाली. "काहीतरी कर."

त्याच दिवशी दुपारी सर आले. सर म्हणजे कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. एक दाढ किडली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ते भिनेपर्यंत आपलं दुःख त्यांच्यापुढे मांडलं.

"अहो, सोपं आहे," सर म्हणाले. जिभेचा अजून अर्धा भाग त्यांच्या ताब्यात होता. "तुमच्या टाकीत झाडं कुठायत? जिवंत झाडं लावा. माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं, त्यावरच शेवाळ पोसलं जातं. जोरात वाढणारी पाणवनस्पती लावली की ती ते सगळं आधी फस्त करते. वर तरंगणारी असेल तर सावलीपण धरते. शेवाळाला ना अन्न, ना उजेड. घासायचं कामच नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी सरांच्या तोंडात आरसा घातला, दोन्ही गालांत कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी अडकवली, ड्रिल सुरू केलं आणि मग त्यांना मुख्य प्रश्न सुचला.

"पण सर, किती लावायची?"

"ऊ...अर," सर म्हणाले.

उघड्या तोंडाची भाषा आपल्याला अवगत आहे, असा डॉक्टरांचा वीस वर्षांचा अभिमान होता. ते क्षणभर थांबले. "खूप भर?"

सरांचे डोळे मोठे झाले. "ऊ...अर! ऊ...अर अ!"

"खूपच भर?"

सरांनी जोरजोरात मान हलवली.

"हलू नका सर, ड्रिल चालू आहे. कळलं मला. खूप भरतो."

काम संपलं तेव्हा सरांचा ओठ लाकडासारखा बधिर झाला होता. तोंडाशी रुमाल धरून ते निघाले. दारात वळले आणि त्यांनी डॉक्टरांना मूठ वळून दाखवली. एकदा दाखवली, दोनदा दाखवली. डॉक्टरांना भरून आलं. "बघा मावशी, लढ म्हणतायत," ते म्हणाले, आणि त्यांनीही मूठ उंचावून उत्तर दिलं.

संध्याकाळी दवाखाना बंद करून ते माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं तीन प्रकारची झाडं दाखवली. एक रिबिनीसारखं लांब पानांचं. एक मांजराच्या शेपटीसारखं झुपकेदार. आणि तिसरं पाण्यावर तरंगणारं, टिकलीएवढ्या पानांचं.

"यातलं जोरात वाढणारं कुठलं?"

"तिन्ही. ही टिकली तर विचारूच नका. आज जेवढी असेल, त्याच्या दुप्पट परवा."

"मग तिन्ही द्या. दोन बादल्या."

दुकानदारानं हातातली जाळी खाली ठेवली. "साहेब, तुमच्याकडे टाकी आहे की तळं?"

"टाकीच आहे. पण सासरे येतायत."

दुकानदारही कुणाचा तरी जावई असावा. त्यानं पुढे एक शब्द न विचारता बादल्या भरल्या.

उपाय लागू पडला, यात शंकाच नाही. शनिवारपर्यंत काचेवरचं शेवाळ विरळ झालं, रविवारी त्याचा मागमूस राहिला नाही. पाणी तर इतकं निवळलं की आरपार दिसावं. फक्त ते बघायला टाकीत जागा शिल्लक नव्हती. रिबिनी काचेला चिकटून वर चढल्या होत्या, शेपट्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि वरून टिकल्यांची अशी जाड गोधडी पसरली होती की टाकलेलं खाणं त्या गोधडीवरच पडून राही.

सोमवारी मावशी परत टॉर्च घेऊन उभ्या.

"मासे दिसतायत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी धुक्यात होते, आता जंगलात आहेत," मावशी म्हणाल्या. मग एकदम वाकल्या. "थांबा. दिसले! पण डॉक्टर, सगळे वर येऊन आ करून उभे आहेत."

"आ केलाय? मोठा की लहान?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. झाडं दिवसा हवा सोडतात, पण रात्रभर तीच हवा ओढूनही घेतात. एवढ्या झाडांनी मिळून माशांच्या वाटणीची हवा संपवली होती.

माशांना ताबडतोब हवा हवी होती. आणि दाताच्या डॉक्टरकडे दुसरं काही नसलं तरी दाबाची हवा असतेच. खुर्चीच्या यंत्राला जोडलेली हवेची नळी त्यांनी ओढून, एक जोड देऊन, वाट बघायच्या खोलीपर्यंत आणली, तिचं टोक टाकीत बुडवलं आणि कळ दाबली.

मासे सावरले. पण टाकी उकळू लागली. भसाभसा बुडबुडे उठले, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना चार-चार टिकल्या हवेत उडवू लागला. टिकल्या भिंतीवर बसल्या, मासिकांवर बसल्या, मावशींच्या चष्म्यावर बसल्या. काउंटरवर चूळ भरायचे ग्लास पाणी भरून ओळीत मांडलेले असत. काही त्यांतही उतरल्या. डॉक्टरांनी कळ बारीक केली, मावशींनी सगळीकडे फडकं फिरवलं, पण ग्लासांकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

पहिला पेशंट टेलर होता. आठवड्यापूर्वी त्याचं रूट कॅनल झालं होतं, आज नुसतं दाखवायला आला होता. तो खुर्चीत बसला, त्यानं ग्लासातलं पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं, थुंकला, आणि बेसिनकडे बघतच राहिला.

"डॉक्टर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पान आलं."

"कसलं पान?"

"हिरवं. कोवळं आहे. दाढेतून आलं." त्यानं परत चूळ भरली. आणखी दोन निघाली. टेलरचा रंग उडाला. "तुम्ही म्हणाला होता ना, मूळ पूर्ण साफ केलंय? थोडं राहिलं असणार. पालवी फुटलीय मला!"

"अहो, तसं काही नसतं. तो माशांच्या टाकीतला पाला आहे."

"टाकीतला पाला माझ्या तोंडात कसा येईल?" टेलरनं विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर ऐकून तर तो जास्तच घाबरला. 'पाला हवेतून उडून येतो' यापेक्षा 'दाढेला पालवी फुटते' हे त्याला अधिक पटण्यासारखं वाटलं. जाताना त्यानं मावशींना हळूच विचारलं, "चहा घेतला तर चालेल ना? की गरम पाण्यानं मुळांना इजा होते?"

टेलरच्या दुकानात दिवसभर माणसांची ये-जा. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात सहा फोन आले. एकानं विचारलं, आपली दाढ सळसळतेय हे लक्षण कशाचं. एका आजींनी कवळीवर कळी धरते का, याची चौकशी केली.

मंगळवारी आणि बुधवारी डॉक्टरांनी मूठ-मूठ झाडं उपटली. प्रत्येक पेशंटला एकेक पिशवी भरून दिली. नको असूनही कुणी नाही म्हणालं नाही. ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याच्याशी वाद कोण घालणार? रिबिनी कमी झाल्या, शेपट्या सुट्या झाल्या, झाडांतून वाट दिसू लागली. टिकल्या मात्र हटायला तयार नव्हत्या. जाळीनं काढाव्यात तर जाळीला चिकटून येत, जाळी झटकायला जावं तर परत पाण्यात पडत.

गुरुवार उजाडला. साडेदहा वाजता सर दाढेवरच्या टोपीचं माप द्यायला आले. त्यांना खुर्चीत बसवून, तोंडात साचा घालून, "पाच मिनिटं दात मिटून ठेवा" असं सांगून डॉक्टर बाहेर येऊन टाकीकडे बघत उभे राहिले. अकरा वाजायला वेळ होता, पण फार नव्हता. आणि तेव्हा त्यांना ती कल्पना सुचली.

"मावशी, सक्शन!"

पेशंटच्या तोंडातलं पाणी खेचून घेणारं यंत्र चाकांवर होतं, त्याला पुढे बोटाएवढी नळी आणि मागे काचेची मोठी बरणी. मावशींनी ते घरंगळत आणलं. डॉक्टरांनी नळीचं तोंड पाण्यावर आडवं धरलं. सूंऽऽ करत टिकल्यांची गोधडी नळीत शिरू लागली. एका फटक्यात वीतभर पाणी मोकळं झालं. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

"सरका, डावीकडे! कोपऱ्यात आहेत अजून! अहो, मासे पण दिसायला लागले. एक, दोन, पाच, आठ... अकरा..." मावशी थांबल्या. "डॉक्टर, सात होते ना?"

"सातच होते."

"आता चौदा आहेत. त्यातले निम्मे नखाएवढे."

"आपल्याला दिसत नव्हतं तेवढ्या काळात—"

"उरकलं त्यांनी," मावशी म्हणाल्या. "अय्या, तो बघा, तो पिटुकला कसा पुढे पुढे— डॉक्टर, नळी! नळी!"

सूंऽऽ पुक्.

नखाएवढा मासा नळीच्या तोंडाशी आला, क्षणभर आश्चर्यानं दोघांकडे बघत राहिला, आणि आत नाहीसा झाला.

"बंद करा!" मावशी ओरडल्या. डॉक्टरांनी घाईत बंद करायच्या कळीऐवजी शेजारची दाबली, हवेची नळी पूर्ण दाबानं सुरू झाली आणि टाकीतलं चार लोटे पाणी उसळून थेट फरशीवर आलं. डॉक्टर घसरले आणि बाकावर बसते झाले. मावशींनी भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि बरणीपाशी धावल्या. हिरव्या लगद्यात पिटुकला जिवंत होता आणि मजेत गोल फिरत होता.

हा गलका ऐकून सर गळ्यात पेशंटचा टॉवेल आणि तोंडात साचा अशा अवस्थेत बाहेर आले. त्यांनी टाकी बघितली. फरशी बघितली. कोपऱ्यात उपटून ठेवलेल्या झाडांचा ढीग बघितला. मग साचा स्वतःच्या हातानं बाहेर काढला.

"डॉक्टर, हे काय?"

"तुम्हीच सांगितलंत ना सर. खूप भर म्हणून."

"मूठभर!" सर गरजले. "मी मूठभर म्हणालो! मूठभरच! दारात उभं राहून दोनदा मूठ करून दाखवली!"

डॉक्टरांनी डोळे मिटले. "मला वाटलं, तुम्ही धीर देताय."

सर आणखी बरंच बोलणार होते, पण तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि पायऱ्यांवर पावलं वाजली. अकराला दहा कमी होते. सासरेबुवा लवकर आले होते. मावशींनी बरणी पदराआड धरली. सर पुसायचं फडकं घेऊन खाली बसले. डॉक्टर टाकीसमोर हात पसरून उभे राहिले, पण टाकी त्यांच्याहून रुंद होती.

सासरेबुवा आत आले. गालावर चारपदरी रुमाल, डोळे तांबारलेले. पाणी साचलं होतं त्यातून ते चपलांसकट चबचब करत सरळ चालत आले.

"बाबा, टाकीचं म्हणाल तर मी सगळं सांगतो—"

"कुठली टाकी?" सासरेबुवा म्हणाले. "आत चला. दार लावा."

आत गेल्यावर त्यांनी रुमाल सोडला. डावा गाल टरटरून सुजला होता.

"दोन महिने दुखतेय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तीन वेळा घरून निघालो, तीनही वेळा कोपऱ्यावरून परत गेलो. जावईबापू, खरं सांगू? मला भीती वाटते. सुईची वाटते, त्या आवाजाची वाटते, खुर्ची मागे जाते ना, त्याची तर फारच वाटते. पण हे माझ्या मुलीला कळता कामा नये. लहानपणी तिला दात काढायला हाताला धरून नेताना मी काय काय भाषणं दिलीत, ती सगळी तिला पाठ आहेत."

चौतीस वर्षं सगळ्या शहराच्या पाण्याच्या झडपा उघडणारा-मिटणारा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. डॉक्टरांना आपली भीती कुठल्या कुठे गेल्यासारखं वाटलं. एका हातानं त्यांनी सासऱ्यांचा हात धरला, दुसऱ्या हातानं काम सुरू केलं.

"झालं, बाबा."

"सुरू कधी करणार?" सासरेबुवांनी डोळे न उघडता विचारलं.

डॉक्टरांनी दाढ त्यांच्या तळहातावर ठेवली. सासरेबुवांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि जावयाकडे ते असं बघू लागले, जसं लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. काही बोलणार, तोच डॉक्टरांनी तोंडात कापूस ठेवला. "तासभर चावून धरा. एक शब्द बोलायचा नाही."

बाहेर येऊन सासरेबुवा बाकावर टेकले. एव्हाना सरांनी आणि मावशींनी मिळून फरशी कोरडी केली होती आणि पिटुकला घरी पोहोचला होता. सासरेबुवांची नजर पहिल्यांदाच टाकीवर पडली. ते उठले. जवळ गेले. मावशींची नोंदवही उघडून त्यांनी टाकीच्या पलीकडे धरायला लावली, आणि अलीकडून, झाडांमधल्या वाटेतून, पाण्याच्या आरपार, एकेक नाव वाचलं. मग वही मागून घेतली आणि कोऱ्या पानावर लिहिलं: 'पाणी फर्स्ट क्लास. आमच्या केंद्रातसुद्धा इतकं स्वच्छ नव्हतं. कसं केलंत?'

सरांनी खाकरून कॉलर नीट केली. डॉक्टरांना आनंदानं काय करावं सुचेना. आणि फोन वाजला.

"काय रे, आले का बाबा?" बायकोनं विचारलं. "टाकी बघितली?"

"बघितली! अगं, काय सांगू, इतके खूश—"

"खूश? खरंच? दे बघू त्यांना फोन, मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

सासरेबुवांनी दोन्ही हात जोरात हलवले. कापूस दाखवला. गाल दाखवला. मग 'तिला कळू देऊ नका' अशा अर्थानं डॉक्टरांपुढे हात जोडले.

डॉक्टरांनी स्वच्छ, लखलखीत, निवळशंख टाकीकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं.

"नाही गं," ते म्हणाले. "खूश कसले. ते बोलतच नाहीयेत."

"म्हणजे?"

"टाकी बघितल्यापासून तोंडातून शब्द नाही. बाकावर बसून राहिलेत. वहीत लिहून दाखवतायत."

"अरे देवा! इतके चिडलेत? गाल फुगवून बसलेत का?"

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे नीट, धंद्याच्या नजरेनं बघितलं.

"हो," ते म्हणाले. "डावा. पण उद्यापर्यंत उतरेल."